सहा निळ्या फिती

१३ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगून तीन आठवडे झाले. "राग आला की ओरडायचं नाही, दार आपटायचं नाही, टीव्हीवर बूट फेकायचा नाही. लिहायचं." तीन आठवड्यांत लिहिण्याजोगा राग आला नव्हता. आज आलाय. पेन कागदातून पलीकडे जातंय.

आज क्लबची वार्षिक स्पर्धा होती, चर्चच्या हॉलमध्ये. घरी बिअर करणारे आम्ही चाळीसेक लोक. फिक्या लागर बिअरच्या, म्हणजे थंडीत हळूहळू आंबवायच्या बिअरच्या गटात गेली सहा वर्षं ओळीने निळी फीत मला मिळाली आहे. मला, म्हणजे ड्वेन लॅबुडाला. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं यंत्रावर उभा होतो. गिरणी बंद झाली तेव्हापासून तळघरात बिअर करतो.

लायलने निकाल वाचले. लायल आमचा अध्यक्ष, जन्मभर पोस्टमन होता, त्यामुळे काहीही पत्त्यावर पोचवल्यासारखं वाचतो. माझ्या गटाशी आला आणि म्हणाला, "या गटातला पहिला क्रमांक राखून ठेवला आहे." मग मला कोट टांगायच्या कोपऱ्यात घेऊन गेला.

"ड्वेन, चिडू नकोस."

"अजून चिडलो नाही. काय झालं?"

"एका परीक्षकाने लिहिलंय, बाटली विकतची वाटते, चौकशी व्हावी."

विकतची! दुकानातून बिअर आणायची, झाकण बदलायचं आणि आपली म्हणून मांडायची, असं मी केलं म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात तो व्हॉस मध्ये पडला. हा दातांचा डॉक्टर, निवृत्त झाल्यावर इलिनॉयहून इकडे तलावाकाठी घर बांधून आलेला. त्याच्या गॅरेजात चकचकीत स्टीलचं बटणांचं यंत्र आहे. आपण फक्त बटण दाबायचं, बाकी सगळं ते करतं. चार वर्षं माझ्यामागे दुसरा येतोय. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी ड्वेनचं सामान पाहिलंय. सहलीची बर्फाची पेटी, पिचका हंडा आणि आईच्या वेळचा फ्रिज. त्या सामानातून ही बिअर निघत नाही. रागाने नाही बोलत, शक्यच नाही म्हणून बोलतोय."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सामान बिअर करत नाही. हात लागतो त्याला, हात!"

ऑड्री तेव्हा बायकांबरोबर जेवणाच्या टेबलामागे उभी होती. दरवर्षी बटाट्याचं सॅलड तीच करते. तिने वाढायचा डाव भांड्यात असा आपटला की मेयोनेज लायलच्या बायकोच्या चष्म्यावर उडालं. चेहरा लालबुंद. नवऱ्याचा अपमान बाईला किती लागतो, ते आज दिसलं.

१४ फेब्रुवारी, रविवार

रक्तदाब १६८. सकाळी ऑड्री म्हणाली, "सोडून दे ना तो क्लब. घरी करू, घरी पिऊ."

"करू म्हणजे? करतो मी."

यावर ती धुतलेल्याच बशा पुन्हा धुवायला लागली.

व्हॉस माझ्या सामानाला हसला म्हणून इथे लिहून ठेवतो. हंडा गिरणीच्या कँटीनच्या लिलावातला आहे. त्यात चाळीस माणसांचं सूप व्हायचं. बर्फाच्या पेटीत जव भिजवतो, ती मुलं लहान असताना मासेमारीला न्यायचो. काचेचे दोन बुधले आहेत. फ्रिज आईचा, त्याला तापमान ठरवणारी चकती मी स्वतः बसवली आहे आणि पन्नास अंश फॅरनहाइटवर लावून ठेवली आहे. त्यानंतर हात लावायची गरज पडलेली नाही. आणि बिअर उपसायची नळी पहिल्या दिवसापासून तीच. सात वर्षं होत आली, अजून काचेसारखी स्वच्छ! मध्यंतरी ती मला जरा लांब झाल्यासारखी वाटली, पण रबर ताणलं जातंच. जुन्या वस्तू नीट वापरल्या की टिकतात. हे बटणवाल्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी लक्षात आलं की आज व्हॅलेंटाइन डे होता. ऑड्रीने माझ्यासाठी कार्ड आणलं होतं. मी काही आणलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

नील हॅफेमनच्या दुकानात गेलो. आमच्या भागात बिअरचं सामान मिळणारं हे एकच दुकान: जवाची पोती, कडवटपणासाठी घालायच्या हॉप्सच्या फुलांची गोठवलेली पाकिटं, नळ्या, बुचं, झाकणं. मागच्या कपाटात घरी चीज करणाऱ्यांचं सामान. त्यासाठीच ऑड्री अधूनमधून येते. ती तीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती, त्यामुळे चीजचं वेड सुटत नाही.

मी नीलला सगळं सांगितलं. तो पोती रचत राहिला. मी म्हटलं, "तू तरी सांग. इतकी वर्षं माझं सामान तुझ्याकडूनच जातं ना? मी काय काय नेतो ते तुला माहीत आहे."

"तू काय नेतोस ते माहीत आहे," तो म्हणाला. मग हातातलं पोतं खाली ठेवलं. "ऑड्री कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? मी माझ्या अब्रूचं बोलतोय आणि तू ऑड्रीचं काय विचारतोस?"

"तसं नाही. या महिन्यात आली नाही, म्हणून."

मी जव, हॉप्स आणि यीस्टची एक पुडी काढून ठेवली. नीलने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एकच?"

"नेहमी एकच नेतो."

"हो," तो म्हणाला. "तू एकच नेतोस."

माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही. हे मित्र!

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑड्रीला घेऊन मासे खायला नेहमीच्या ठिकाणी गेलो. पहिला तुकडा तोंडात घालतोय तोच लायल टोपी हातात घेऊन टेबलाशी आला.

"कमिटीने एक मार्ग काढलाय. तू माझ्या गॅरेजात येऊन, सगळ्यांसमोर, तुझ्याच सामानात तीच बिअर कर. आंबायला माझ्या फ्रिजात ठेवू, वर चिकटपट्टी लावून सह्या करू. आठ आठवड्यांनी चाखू. बिअर तशी निघाली तर व्हॉस सगळ्यांसमोर माफी मागेल. त्याने कबूल केलंय."

"ठरलं," मी म्हटलं.

"नाही," ऑड्री म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात काट्यावर घट्ट होता. "हा काय पोरखेळ आहे, लायल? सात वर्षं ओळखतोस याला. आता हा परीक्षा देणार?"

"परीक्षेला घाबरतो तो चोर," मी म्हटलं.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "ड्वेन, माझं ऐक. एकदा तरी माझं ऐक. जाऊ नकोस."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर बर्फाशिवाय काही नव्हतं. जगाने संशय घेतला तर सोसेन, पण घरच्या माणसाने घ्यावा? हे डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे.

५ मार्च, शनिवार

बिअर झाली! बारा जण खुर्च्या टाकून बसले होते, सर्कस बघायला आल्यासारखे. व्हॉस वही घेऊन आला होता. मी एकही चूक केली नाही.

निघताना मात्र घरी तमाशा झाला. ऑड्रीने एक मोठी बरणी पुढे केली. तळाशी दाट पांढरा साका. म्हणाली, "यात यीस्ट वाढवलंय, परवापासून. पुडीऐवजी हे घाल. आणि ही गोळी चुरून आदल्या रात्रीच पाण्यात टाकतात, तू आता तरी टाक."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"नीलने. कुठेतरी वाचलंय. घाल ना, तुझं काय जातं?"

"सहा फिती मी बरण्या आणि गोळ्यांवर जिंकलो नाही," मी म्हटलं. बरणी ओट्यावर ठेवली आणि निघालो. "मी येऊ का?" असं तिने दारातून विचारलं. मी म्हटलं, गॅरेजात थंडी असेल, कशाला. खरं कारण वेगळं होतं. बायकोला घेऊन आला असं कुणी म्हणू नये.

एकच गोष्ट अडली. घरी जवाचा उकळलेला काढा गार व्हायला लागला की मी वर जाऊन डुलकी काढतो. कपडे धुवायचं मशीन तळघरातच आहे, ऑड्री तिथे असतेच. तिला सांगतो, गार झाला की यीस्ट टाकून बुधला फ्रिजात ढकल. आज ते मलाच करावं लागलं. काढा किती गार झाल्यावर टाकायचं, हे क्षणभर आठवेना. हात लावून पाहिलं, अंदाजाने टाकलं. व्हॉसने वहीत काहीतरी लिहिलं. लिही बाबा.

८ मार्च, मंगळवार

लायलचा फोन. "ड्वेन, बुडबुडे नाहीत. तीन दिवस झाले."

माझ्या तळघरात सहा तासांत बुडबुडे येतात! लायलचा फ्रिजच भिकार आहे. त्यात तो हरणाचं मांस ठेवायचा. त्याला सांगितलं, थांब. फोन ठेवल्यावर पाहिलं तर ऑड्री दारात उभी. "आले नाहीत?" तिने विचारलं. मी म्हटलं, येतील. ती म्हणाली, "पाचव्या दिवशी येतील कदाचित." जणू हिलाच कळतं.

१० मार्च, गुरुवार

बुडबुडे आले. पाचव्या दिवशी.

१० एप्रिल, रविवार

महिनाभर लिहिलं नाही. ऑड्री कामापुरतं बोलते. तळघरात कपडे धुवायला जाते आणि लगेच वर येते, पूर्वी तास तास खाली असायची. मीही खाली काही केलेलं नाही. लायलच्या गॅरेजातला निकाल लागल्याशिवाय दुसरी बिअर करायची नाही, असं ठरवलंय.

एक गोष्ट लिहून ठेवतो. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून. गिरणी बंद झाली त्या वर्षी पहिल्यांदा बिअर केली होती. चार वेळा केली, चारही वेळा घाण झाली. चौथ्या वेळी सगळी मोरीत ओतली आणि तळघराच्या जिन्यावर बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. ऑड्री येऊन शेजारी बसली. मी म्हटलं होतं, "माझ्या हातून आता काही होणार नाही." मग पुढची बिअर चांगली झाली. एकदम. का झाली, याचा मी कधी विचार केला नाही. जमलं, असं वाटलं. माणसाला जमतं एकदा, तसं.

आज हा विचार का आला कोण जाणे.

३० एप्रिल, शनिवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

सगळ्यांसमोर चिकटपट्टी काढली. माझी सही, लायलची सही, व्हॉसची सही, तिन्ही शाबूत. लायलने ग्लास भरले. मी वास घेतला आणि कळलं. जखमेवरच्या पट्टीचा वास येतो ना, दवाखान्यातला, तसा. खाली कच्च्या सफरचंदाची चव. तोंडात ठेवणं मुश्कील.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. व्हॉसने ग्लास हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "पाण्यातलं क्लोरीन." आवाजात खुन्नस नव्हती. त्याचाच जास्त संताप आला.

लायलने मला गाडीपर्यंत सोडलं. "ड्वेन, मी काय सांगू? कमिटी फिती परत मागेल. सहाही."

"मी बाटली विकत आणली नाही, लायल. आईशपथ आणली नाही."

"मला तुझं खरं मानायचंय रे," तो म्हणाला. म्हणजे मानत नाही.

१ मे, रविवार

रक्तदाब घेतला नाही. यंत्र फुटेल.

हे घातपाताचं काम आहे. चिकटपट्टी पुन्हा लावता येते. दाताच्या डॉक्टरकडे औषधं असतात, दवाखान्याचा वास आणखी कुठून येणार? चर्चला गेलो नाही. ऑड्री एकटी जाऊन आली. तिला म्हटलं, "व्हॉसने त्यात काहीतरी टाकलं."

ती म्हणाली, "कुणी काही टाकलं नाही, ड्वेन. तेच तर झालं."

याचा अर्थ काय, विचारलं. कोट काढून झोपायला गेली, दुपारी दोन वाजता.

३ मे, मंगळवार

सगळं नीट क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

सकाळी नीलकडे गेलो. म्हटलं, मला साक्षीदार हवा, घातपात झालाय. त्याने वासाचं विचारलं. मी सांगितला. तो म्हणाला, "पाण्यात गोळी टाकली नव्हतीस का?"

"ऑड्री देत होती ती? कसली होती ती?"

"क्लोरीन मारायची. तुमच्याकडे नेहमी..."  त्याच्या हातातलं माप पोत्यात तसंच राहिलं.

"आमच्याकडे नेहमी काय?"

"ड्वेन, ऑड्रीला विचार."

"तुला विचारतोय मी!"

"आणि मी सांगतोय, तिला विचार. सहा वर्षं मी तोंड मिटून बसलोय, तिने घातलेल्या शपथेपायी. आता घरी जा."

घरी आलो. ऑड्री तळघरात होती, खूप दिवसांनी. फ्रिजसमोर स्टुलावर बसली होती, मांडीवर एक निळी वही. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "नीलचा फोन आला होता."

"किती वर्षं?"

"पहिलं वर्ष तुझं होतं. ते तू ओतून दिलंस."

गोळी तीच टाकायची. यीस्ट तीच वाढवायची, चीजच्या बरण्यांमागे ठेवून. मी पन्नासवर लावलेली चकती ती रोज हळूहळू वर-खाली करायची. नळी दर सहा महिन्यांनी नवी आणायची. हंड्याचा गळका नळ बदलून स्टीलचा बसवला, त्यावर जुनी मूठ लावली, मला कळू नये म्हणून. मी वर घोरत असायचो. बिअर खाली व्हायची.

मी ओरडलो. डॉक्टरीणबाईंचं सगळं विसरून ओरडलो. "माझ्या घरात! माझ्या तळघरात! सहा वर्षं मला गाढव बनवलंस!"

"आपल्या तळघरात," ती म्हणाली.

"सांगायचं होतंस!"

"दरवर्षी सांगणार होते. दरवर्षी तू फीत घेऊन यायचास आणि आठवडाभर शिट्टी वाजवत हिंडायचास. गिरणी बंद झाल्यापासून तुझी शिट्टी ऐकली नव्हती. कशी सांगू?"

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. ती उभी राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"आणि आता खरं ऐकायचंच असेल तर ऐक. दुसऱ्या वर्षानंतर मी हे तुझ्यासाठी करत नव्हते. मला आवडत होतं म्हणून करत होते. संघात तीस वर्षं दुसऱ्यांचं दूध तपासलं, हे पहिल्यांदा माझं स्वतःचं होतं. मी डोळे मिटून सांगू शकते आज कुठल्या बुधल्यात काय चाललंय. आणि मग मी सॅलड वाढत उभी राहायची आणि तू चारचौघांत हात वर करून म्हणायचास, हात लागतो, हात! पहिल्यांदा हसू यायचं. नंतर नाही येत, ड्वेन. त्या दिवशी ते तुला चोर म्हणाले तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? माझी बिअर इतकी चांगली आहे की कुणाला खरी वाटत नाही. आणि ते मी कुणाला सांगूही शकत नव्हते!"

मी ट्रक काढून तलावावर गेलो. तिथे बसून हे लिहितोय. बर्फ वितळलाय, लोक होड्या उतरवतायत. राग कुणावर काढायचा ते कळत नाही. फार वाईट अवस्था आहे ही. सगळा राग जागच्या जागी आहे आणि पत्ता नाही.

७ मे, शनिवार

निळी वही तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली होती, मुद्दाम. वाचली. तारखा, अंश, चवी. तिचं प्रयोगशाळेतलं अक्षर. एका ठिकाणी लिहिलंय: "ड्वेनने या वेळी हॉप्स अर्ध्या तासाने घातले, विसरला असावा. चव जास्त चांगली आली. पुढच्या वेळीही त्याला विसरू द्यावं." हे तीन वेळा वाचलं.

आता खरा प्रश्न. गप्प बसलो तर मी चोर. खरं सांगितलं तर मी मूर्ख. नीलखेरीज कुणाला माहीत नाही, ऑड्री तर सांगायची नाहीच. चोर म्हणून क्लब सोडता येईल, मान ताठ ठेवून, "माझ्यावर अन्याय झाला" म्हणत मरेपर्यंत चिडता येईल. त्यात मी तरबेज आहे. मूर्ख म्हणून मात्र त्याच लोकांत पुन्हा जावं लागेल.

आणि चोर म्हणून राहिलो, तर तिची बिअर विकतची ठरते. कायमची.

१४ मे, शनिवार

आज क्लबची बैठक होती. ऑड्रीला म्हटलं, चल. "सॅलड केलं नाही," ती म्हणाली. म्हटलं, नकोच.

मी सहा फिती लायलच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. बसून नाही, उभं राहून. "बिअर विकतची नव्हती. माझीही नव्हती. हिची होती. मला आत्ता कळलं, दहा दिवसांपूर्वी. यात मी चोर नाही, गाढव आहे, आणि ते तुम्ही लिहून घेतलं तरी चालेल."

कुणीतरी मागे हसलं. हसू देत. मला वाटलं होतं, आता सगळे ऑड्रीकडे वळतील, काहीतरी बोलतील. त्याऐवजी लायलने नियमांचं पुस्तक उघडलं.

"मग फिती रद्दच होतात. बिअर सदस्याने स्वतः केलेली असावी, असा नियम आहे. ऑड्री सदस्य नाही."

"मग तिला करून घे सदस्य!"

"आजपासून घेतो. मागच्या तारखेने घेता येत नाही, ड्वेन."

सात वर्षं! सात वर्षं ही बाई या हॉलमध्ये उभी राहून यांना वाढत होती, तेव्हा कुणी नियमाचं पुस्तक काढलं नाही. ती सदस्य आहे का, तिला बिअरमधलं काही कळतं का, असं एकानेही विचारलं नाही. यांच्या पोटात सॅलड जायला सदस्यत्व लागत नाही! हे सगळं मी बोललो, आणि मोठ्याने बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की मीही कधी विचारलं नव्हतं. तरी थांबलो नाही. लायलची बायको चष्मा काढून पुसायला लागली.

"ड्वेन," ऑड्री म्हणाली, "खाली बस."

बसलो.

ती लायलकडे वळली. "फिती तुमच्या कपाटात ठेवा. मला नकोत." मग टेबलावर चाखायला ठेवलेल्या ग्लासांपैकी एक तिने उचलला, वास घेतला, घोट घेतला. "ही कुणाची?"

"माझी," व्हॉस म्हणाला.

"लोण्याचा वास येतो. दरवर्षीच येतो, म्हणून दुसरे येता तुम्ही. शेवटी शेवटी दोन दिवस उबेत ठेवा, साठ-बासष्ट अंशांवर, मग थंड करा. यीस्ट तो वास स्वतःच खाऊन टाकतं. तुमच्या यंत्राला हे कुणी शिकवलं नाही."

 मला वाटलं, आता हा दाताचा डॉक्टर काहीतरी कडू बोलणार, आणि मी त्याच्या दातांवर जाणार. व्हॉसने खिशातून वही काढली, खुर्ची ओढली आणि विचारलं, "दोन दिवस कुठून मोजायचे? बुडबुडे मंदावल्यावर की थांबल्यावर?"

"बसा, सांगते," ऑड्री म्हणाली.

मग आणखी तिघे आले. मग आणखी. मी कोटांच्या कोपऱ्यात उभा होतो. चोर ठरवल्याची माफी व्हॉसकडून मला मिळाली नाही, मी मागितलीही नाही. एकदा तिने मान वर करून मला शोधलं. मी हात केला. ती परत यीस्टबद्दल बोलायला लागली. चेहरा लालबुंद, पण वेगळा लाल.

२२ मे, रविवार

ऑड्रीला म्हटलं, मला एकट्याला एक बिअर करायची आहे. सगळी. गोळीपासून.

"मी खाली येणार नाही," ती म्हणाली. "धुणं तूच धू."

धुणं गुलाबी झालं. तो मुद्दा वेगळा.

२५ जून, शनिवार

लागर नाही केली, साधी एल केली, महिन्यात होते म्हणून. व्यवस्थित सगळं केलं. दुपारी डुलकी काढली नाही. यीस्ट किती अंशांवर टाकायचं ते पुस्तकात वाचलं, थर्मामीटर दोनदा पाहिला. त्यातही चुका झाल्या. जव फार वेळ धुतला. आणि बुधला भरताना अर्धा लिटर जमिनीवर सांडला, नळी सुटली म्हणून.

आज बाटली उघडली. ऑड्री मागच्या पायऱ्यांवर बसली होती, सॉसेज शेगडीवर होते. तिला ग्लास दिला आणि म्हटलं, "मला गोड बोलू नकोस."

"बोलणार नाही."

तिने उजेडात धरला. वास घेतला, डोळे मिटले. मी सॉसेज उलटायचे विसरलो. इतका घाबरलो होतो की रक्तदाबाचं यंत्र असतं तर फुटलंच असतं.

"पातळ आहे," ती म्हणाली. "कडवटपणा जिभेवर राहतो, जायला हवा तेव्हा जात नाही. रंग चहासारखा आलाय."

"म्हणजे वाईट."

"वाईट नाही. सामान्य आहे." पुन्हा घोट घेतला. "पण दोष काही नाही यात. स्वच्छ आहे. क्लबात नेलीस तर दहावा येशील."

दहावा! त्या गटात अकरा जण आहेत. मी विचारलं, अकरावा कोण? ती म्हणाली, लायल. आणि हसायला लागली, आणि हसता हसता सगळा ग्लास संपवला आणि रिकामा पुढे केला.

"आहे का अजून?"

अडतीस बाटल्या आहेत, मी सांगितलं. सगळ्या माझ्या.